मधली वाळू

वस्तू जागच्या जागी नसली की माझं डोकं फिरतं. चमच्यांच्या खणात काटा सापडला तर तो उचलून काट्यांत ठेवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, "हिला स्वर्गात पाठवलं तर आधी ढग रांगेत लावील." म्हणू देत. ज्या गोदामात मी तीस वर्षं काम करते तिथे अकरा हजार चारशे पेट्या आहेत आणि त्यातली कुठलीही मी चार मिनिटांत काढून देते. तीही शिडी चढायला लागतात म्हणून.

पेट्यांत दगड आहेत. जमिनीत खोल भोक पाडताना पोकळ पात्याने खडक जसाच्या तसा कापून वर काढतात, मनगटाएवढ्या जाडीचा. आम्ही त्यांना कांड्या म्हणतो. लाकडी पेटीला तीन खाचा, प्रत्येक खाचेत एक मीटर कांडी. कांडीवर खालपासून वरपर्यंत दोन रेघा ओढायच्या, एक तांबडी, एक काळी. तांबडी नेहमी उजवीकडे. म्हणजे एखादा तुकडा उलटा ठेवला गेला तर लगेच कळतं. मोठ्या तुकड्यांवर किती खोलीचा ते लिहायचं. लहान तुकड्यांवर आकड्याला जागा नसते, तिथे रेघांवर भिस्त. आणि जिथे खडक ठिसूळ निघाला, वर येता येता वाटेतच सांडला, तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर लिहायचं, अमुक इतका गेला. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण माझी लाज निघाली ती यातच.

आमचं गाव सिमेंटच्या भट्टीवर जगतं. आमच्या घरातले दोघे भट्टीवर. हे आणि वरच्या मजल्यावर राहणारे माझे धाकटे दीर. चुनखडी भाजली की तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी कोळशावर चालवा की विजेवर, तो निघायचा राहत नाही. मग नियम आला की पाच वर्षांत त्या वायूची सोय लावा, नाहीतर भट्टी थंड करा. तीन वर्षं बैठकांत गेली. उरलेल्या दोन वर्षांत कुणाला तरी जमिनीखालचा तो खडक आठवला.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेर तेल शोधायला एक विहीर खणली होती. तेराशे मीटर खाली गेल्यावर लागलं काय, तर खारं पाणी. समुद्राच्या कितीतरी पट खारं. लोक तोंड वाकडं करून निघून गेले. आता त्याच खारट खडकात भट्टीचा वायू दाबून भरायचा, असं ठरत होतं.

"आणि बूच उडालं तर?" माझ्या धाकट्या जावेने विचारलं होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. "सोड्याच्या बाटलीसारखं?"

"अगं, खाली बाटली नाहीये. पोकळी नाहीये. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं वाळूच्या खडकात खारं पाणी आहे. त्यातच हा वायू शिरणार."

"आणि वर यायचं मनात आणलं त्याने तर?"

"वर झाकण आहे. घट्ट चिकणमातीचा काळा खडक, ऐंशी मीटर जाड. त्यातून काही जात नाही. वायू खालीच बसतो, हळूहळू पाण्यात विरघळतो आणि कालांतराने दगड होतो."

"कालांतराने म्हणजे किती?"

"ते तुझ्या नातवंडांच्या नातवंडांना विचार."

ती खूप हसली. मीही हसले. झाकणाबद्दल मी इतक्या खात्रीने बोलले खरी, पण ते झाकण बघायला मिळेल असं एकच ठिकाण जगात होतं, माझं गोदाम. आणि त्यात मी काय घोळ घालून ठेवलाय हे बोलताना मला आठवलंसुद्धा नाही.

आठवलं ते डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा. या दगडांच्या डॉक्टर, म्हणजे खडकांत डॉक्टरेट केलेल्या. वय माझ्या निम्मं, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि सवय अशी की दगड दिसला की आधी त्याचा कण दातांखाली घालून बघायचा. करकरला तर गाळ, लोण्यासारखा गेला तर चिकणमाती. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, त्यावर तीस वर्षांची धूळ आहे." तर म्हणाल्या, "मला तीन कोटी वर्षांची चालते." तेव्हाच मला ही बाई आवडली.

त्यांनी यादी माझ्यापुढे ठेवली. पेटी क्रमांक सात हजार एकशे चार ते सात हजार एकशे तेहतीस. वरच्या सत्तावीस झाकणाच्या आणि शेवटच्या तीन खालच्या वाळूच्या.

या पेट्यांशी माझी जुनी ओळख होती, तीस वर्षांपूर्वीची.

नोकरी लागून तेव्हा मला पाच महिने झाले होते. सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय कायम करत नसत. आमचे तेव्हाचे प्रमुख हातात कायम लोखंडी पट्टी घेऊन फिरायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं फूटपट्टी. एक पेटी उलटी लावली म्हणून त्यांनी माझ्या आधीच्या माणसाला घरी पाठवलं होतं. जुन्या गोदामातून नव्या गोदामात पेट्या हलवायचं काम चाललं होतं. मी ढकलगाडीवर चार पेट्या घेतल्या. वरच्या कप्प्यातल्या तीन, काळ्या चिकणखडकाच्या. खालच्या कप्प्यातली एक, करड्या वाळूची. उंबऱ्यावर गाडीचं चाक अडलं आणि चारही पेट्या फरशीवर पालथ्या झाल्या.

फूटपट्टी जेवायला गेले होते. मी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा गोळा केला. रेघा बघून, आकडे बघून, तुटलेल्या कडा एकमेकींना लावून बघत सगळं परत लावलं. पुसलेल्या रेघा नव्याने ओढल्या. इतकं सुबक लावलं की काय सांगू. शेवटी हातात उरलं काय, तर वाळूच्या खडकाचा वीतभर तुकडा, आकडा नसलेला, आणि एक लाकडी ठोकळा, ज्यावरचं पेन्सिलीचं अक्षर पुसून फक्त 'दोन मीटर गेला' एवढंच वाचता येत होतं.

आता वाळूचा तुकडा कुठे जाईल? वाळूत. काटा काट्यांत जातो तसा. आणि ठोकळा? चिकणखडक कधी सांडत नाही, सांडते ती वाळू. म्हणजे ठोकळाही वाळूचाच. दोन्ही मी वाळूच्या पेटीत नीट बसवले. फूटपट्टींनी येऊन वरवर बघितलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." महिन्याभराने मी कायम झाले.

आठवड्याभरातच मला शंका आली होती. तो तुकडा गोळा करताना तो काळ्या तुकड्यांच्या ढिगात होता, करड्या ढिगात नव्हता, हे मला भांडी घासताना अचानक आठवलं. पण तोवर पेट्या सर्वांत वरच्या फळीवर गेल्या होत्या. खाऱ्या पाण्याच्या दगडाला विचारणार कोण, असं म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. आणि खरंच तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी चार दिवस त्या पेट्या बघितल्या. भिंग लावलं, आम्ल टाकलं, चावून बघितलं. मी पेट्या काढून देत होते, लावत होते आणि मूग गिळून बसले होते. चौथ्या दिवशी त्यांनी पेन्सिल केसांत खोचली आणि टाळी वाजवली.

"ऐंशी मीटर! सलग! मावशी, मध्ये एकसुद्धा वाळूची रेघ नाही. असं झाकण पुस्तकात दाखवतात फक्त."

"दुसरा काही पुरावा नाही का हो?" मी विचारलं. "दुसऱ्या कशाने तपासलेलं?"

"त्या विहिरीत तेव्हा मोजणीची उपकरणं सोडलीच नव्हती. आकड्यांच्या बेरजेत दोन मीटरचा फरक पडतोय, पण जुने ड्रिलवाले पाइप मोजताना एवढं इकडचं तिकडे करायचेच. तुमच्या पेट्या हाच पुरावा. सोमवारी अहवाल पाठवते."

तो शुक्रवार होता. घरी आले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. डॉक्टरीणबाईंनी कारखान्यात फोन केला होता. दीर जिन्यावर उभे राहून शीळ घालत होते. माझ्या जावेने मला मिठीच मारली. "ताई, वाचलो आपण!" तिची दोन्ही मुलं अजून शाळेत आहेत. हे इतके खूश होते की त्यांनी स्वतः ताटं मांडली, अर्थात चमचे उलटे. आणि मी ते सरळसुद्धा केले नाहीत, तेव्हाच यांच्या लक्षात आलं.

"काय झालंय तुला?"

वरचे लोक वर गेल्यावर मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "वीतभर तुकडा. वीतभर वाळूने काय होणारेय?"

"वीतभर वर आला. दोन मीटर सांडला. खाली नक्की किती आहे कुणाला माहीत?"

"मग नाही माहीत तर नाही माहीत. तीस वर्षं गप्प बसलीस ना? आता आणखी तीन दिवस बस. सोमवारी अहवाल जाईल, मोकळी होशील."

"मोकळी कशी होईन?"

"हे बघ, माझं राहू दे. माझी पाच वर्षं राहिलीत. धाकट्याचा विचार कर. त्याच्या पोरांचा कर. तुझ्या टापटिपीपायी वरच्या घरात चूल विझायची."

यांनी असं बोलावं याचा मला राग आला, आणि ते खोटं नव्हतं याचा त्याहून जास्त आला. दोन दिवस मी घरातलं एकूण एक कपाट आवरलं. काही उपयोग झाला नाही. दर वेळी वरून मुलांच्या पायांचा आवाज आला की मला वाटे, गप्प बसावं. मग वाटे, हीच मुलं त्या विहिरीशेजारच्या रस्त्याने शाळेत जातात.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंच्या आधी गोदामात पोचले. त्या अहवालाचं शेवटचं पान लिहायला बसल्या आणि मी त्यांच्यासमोर सात हजार एकशे एकतीस नंबरची वाळूची पेटी आणून ठेवली.

"ही तपासून झालीय, मावशी."

"यातला एक तुकडा हिचा नाही," मी म्हटलं. "माझ्या हातून पेट्या सांडल्या होत्या. तीस वर्षांपूर्वी. मी तो चुकीच्या जागी ठेवला. आणि हा ठोकळाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तुकडा उचलला. खिडकीजवळ नेऊन भिंग लावलं. माझ्या तांबड्या रेघेखाली जुनी तांबडी रेघ पुसट दिसत होती, जरा तिरपी. मग आम्ही दोघींनी झाकणाच्या त्या तीन पेट्या टेबलावर मांडल्या आणि एकेका तुटलेल्या कडेला तो तुकडा लावून बघू लागलो. पहिल्या पेटीत कुठे बसेना. दुसऱ्या पेटीत, मधल्या खाचेत, एक काळा तुकडा मी खालच्या तुकड्याला लावून ठेवला होता, तो जरा डगमगत होता. त्याच्याखाली वाळूचा तुकडा धरला तर तो टक्‌ करून बसला. कडेचा प्रत्येक कंगोरा कंगोऱ्यात. जुनी तिरपी रेघसुद्धा वरच्या रेघेला येऊन मिळाली.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी वहीतली बेरीज पुन्हा काढली.

"दोन मीटरचा फरक," त्या शेवटी म्हणाल्या. "मी ड्रिलवाल्यांना शिव्या घालत होते." मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला. "चार दिवस तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, मावशी. चार दिवस! मी टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही बघत होतात!"

"हो."

"आणि बाकीच्या अकरा हजार पेट्या? त्यांचं काय समजू मी?"

हे मात्र मला लागलं. "बाकीच्यांना माझा नको तसा हात लागलेला नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. तपासा."

"हे झाकण एक नाही," त्या म्हणाल्या, आता जरा खालच्या आवाजात. "दोन झाकणं आहेत आणि मध्ये वाळू."

"म्हणजे वाईट?"

"माहीत नाही. मी ऐंशी मीटर सलग धरून वायू किती दाबाने भरायचा ते ठरवलं होतं. आता खालचं अर्धंच धरायला हवं, आणि ही वाळू कुठवर पसरलीय ते मला माहीत नाही. नवी विहीर लागेल." त्यांनी लिहिलेलं पान फाडलं नाही, त्यावर एक मोठी फुली मारली आणि खाली तारीख घातली. मला ते आवडलं, त्या वेळीसुद्धा.

नवी विहीर म्हणजे आठ महिने. भट्टीने वाट बघायची कबूल केली, पण अर्ध्या आचेवर. निम्म्या माणसांना एक आठवडा काम, एक आठवडा घरी. माझे दीर घरी बसणाऱ्यांत. मला ताकीदपत्र मिळालं, गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि सगळ्या पेट्या तपासायला बाहेरून दोन माणसं आली. त्यांना कुठली पेटी कुठे आहे ते मलाच सांगावं लागे, ते सोडा.

घरात तर काही विचारू नका. हे माझ्याशी बोलेनात. साबण संपलाय हे भिंतीला सांगायचे, दार लावून घे हे दाराला. जाऊ माझ्या दारावरून खाली उतरायची तेव्हा चपला हातात घ्यायची, मला आवाज जाऊ नये म्हणून. ती रागावून पाय आपटत गेली असती तर मला बरं वाटलं असतं. पाववाला माझ्याकडे न बघता पाव द्यायचा. मी कानाला खडा लावला की कुणाला काही समजावून सांगायचं नाही. काय सांगणार होते? चूक माझीच होती. फक्त ती कबूल केली म्हणून लोक रागावले होते, केली तेव्हा कुणाला पत्ता नव्हता.

एकदाच मी यांना म्हटलं, "तुम्हाला वाटतं मी चुकले?"

यांनी भिंतीऐवजी माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "चुकलीस असं नाही वाटत. तसं वाटलं असतं तर भांडलो असतो. म्हणून तर बोलता येत नाही."

नव्या विहिरीच्या कांड्या सातव्या महिन्यात आल्या. या वेळी त्या प्लास्टिकच्या लांब नळीत भरूनच वर काढल्या होत्या, म्हणजे ठिसूळ काही असलं तरी सांडणार नाही. नळी उभी चिरायची होती. बाहेरून आलेल्या दोघांपैकी एकाने करवत घेतली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा. मावशींना बोलवा."

मी चिरली. करवत सरळ चालली. काळा खडक, काळा खडक, काळा खडक, आणि मग करडी, ओलसर वाळू. मोजली. दोन मीटर वीस. त्यानंतर पुन्हा काळा खडक, पस्तीस मीटर, अगदी सलग. आपली चूक किती मोठी आहे हे माणसाला सहसा फूटपट्टी लावून बघता येत नाही. मी बघितली. दोन मीटर वीस.

पुढच्या चाचण्यांना पाच आठवडे लागले. मग एका दुपारी डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"सगळ्या पेट्या तपासून झाल्या. एक सापडली."

"कुठली?"

"तुमच्याआधीच्या माणसाची. उलटी." आणि त्या हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "ऐका. खालचं पस्तीस मीटरचं झाकण पुरतंय. दाब कमी ठेवायचा, म्हणजे वायू जरा सावकाश भरायचा. भट्टीचा सगळा मावतो. आणि ती वाळू, मावशी, ती आम्हाला हवीच होती."

"हवी होती?"

"त्या वाळूत आम्ही दाब मोजायचं यंत्र बसवतोय. खालच्या झाकणातून कणभर जरी वायू वर आला, तर तो आधी या वाळूत शिरणार. तिथला दाब वाढणार. आम्हाला लगेच कळणार आणि वर अजून त्रेचाळीस मीटरचं दुसरं झाकण शिल्लक असणार. अशी जागा मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालतात."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"तर मी जास्त दाबाने भरला असता. खालचं झाकण तडकलं असतं का? असतंही, नसतंही. ते शोधून काढायची वेळ माझ्यावर आली नाही." त्या उठल्या. "मी तेव्हा ओरडले त्याबद्दल मात्र माफी मागणार नाही."

"मागू नका," मी म्हटलं. माझा जीव इतक्या महिन्यांनी भांड्यात पडला होता.

भट्टी पुन्हा पूर्ण आचेवर आली. दीर कामावर गेले. जाऊ सुई मागायला खाली आली, सुई तिच्याकडे होती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती दोन तास बसली. हे "बरं झालं" म्हणाले. बोलायला लागले, पण बेताने, आजारातून उठलेल्या माणसाने जेवावं तसे. मधल्या आठ महिन्यांबद्दल अवाक्षर नाही. ते मला खुपत होतं. भट्टी वाचली म्हणून यांनी मला माफ केलं, की भट्टी गेली असती तरी केलं असतं, हे मला कळायचा मार्ग नव्हता.

यांची भट्टीवरून बदली झाली होती. वायू कोरडा करायच्या नव्या विभागात यांना घेतलं. वायूत ओल राहिली तर तिचं आम्ल होतं आणि ते पाइप आतून खातं. म्हणून पाइपात सोडायच्या आधी तो कोरडा ठणठणीत झालाय की नाही ते काट्यावर बघायचं, आणि काटा रेघेखाली आल्याशिवाय झडप उघडायची नाही. हे काम यांचं.

उद्घाटनाच्या दिवशी विहिरीजवळ मांडव घातला होता. पाहुणे, खुर्च्या, फुलं, लाल बटण. बटण दिखाऊ होतं, खरी झडप पलीकडच्या इमारतीत यांच्या हाताखाली. पाहुण्यांनी बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर शून्य दिसत होतं, ते शून्यच राहिलं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. कुणीतरी बटणाची वायर हलवून बघितली. कारखान्याचे मोठे साहेब मांडवातून उठले आणि पलीकडच्या इमारतीकडे चक्क पळत गेले. त्यांना पळताना गावाने पहिल्यांदाच बघितलं.

माझ्या शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं.

"काटा रेघेच्या वर आहे म्हणून माणूस झडप उघडत नाहीये," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "अगदी थोडाच वर आहे. साहेब म्हणतायत आज उघड. तो नाही म्हणतोय."

"कोण माणूस?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

अडीच तास लागले. पाहुण्यांनी फराळ केला, भाषणं केली, पुन्हा फराळ केला आणि ते निघून गेले. फुलं माना टाकायला लागली. मांडवात आम्ही दहा-बाराजण उरलो होतो तेव्हा पडद्यावरचा आकडा हलला. एक. चार. नऊ. डॉक्टरीणबाईंनी आपल्या मांडीवरच्या छोट्या पडद्यावर मधल्या वाळूचा दाब बघितला. तो जिथल्या तिथे होता. टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं, तर माझी जाऊ उठून उभी राहिली आणि एकटीच वाजवायला लागली.

हे इमारतीतून बाहेर आले. दोन इंजिनियर यांच्याकडे न बघता बाजूने निघून गेले. यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं. उद्या पत्र मिळेल, ताकीदीचं." यांनी कपाळ पुसलं. "म्हणत होते, एवढ्याशाने काय होतं, आज उघड, काटा उद्या बघू. माझा हात झडपेवर गेलाही होता."

"मग?"

"मग काय? डोळ्यांसमोर तू आलीस. तीस वर्षं दर रविवारी कपाटं आवरणारी. मला वाटायचं, खोडच आहे बाईची." हे खाली बघत होते. "कशाने आवरत होतीस ते आता कळलं. म्हटलं, असं पोटात ठेवून जगणं आपल्याला नाही जमायचं बुवा."

चारचौघांत मी कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले, आणि पदर शोधायचंही मला सुचलं नाही.

"रडतेस काय?" हे म्हणाले. "तुझीच संगत नडली मला. सरळ नोकरी होती." आणि यांनी माझा हात धरला, सगळ्यांसमोर, दीर-जावेसमोरसुद्धा. "चल आता घरी. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. पाहुण्यांनी एक तुकडा शिल्लक ठेवलेला नाही."